योगवर्गातील सातत्य : साधक का थांबतो आणि का टिकतो

डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेसाठी एका योगशिक्षिकेने लेख लिहावा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला तेव्हा प्रथम संकोच वाटला. आसनांचे लाभ सांगणारे लेख आपण सर्वांनी पुष्कळ वाचले आहेत. त्यात आणखी एकाची भर घालण्यापेक्षा ज्या प्रश्नाशी माझा रोज सामना होतो, त्याविषयीच लिहावे असे ठरविले. प्रश्न साधा आहे. योगवर्गात आलेला माणूस टिकतो कसा, आणि टिकत नसेल तर का टिकत नाही?

काचीगुड्याच्या परिसरात गेली चोवीस वर्षे मी योगवर्ग चालविते. सुरुवातीपासूनच्या हजेरीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या चाळताना एक गोष्ट नजरेत भरते. जानेवारीत नव्या वर्षाच्या संकल्पाने आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर वर्ग भरून जातो. तिसऱ्या आठवड्यापासून नावांपुढे रिकाम्या चौकटी दिसू लागतात. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस जे उरतात, ते बहुधा वर्षभर उरतात. म्हणजे टिकणे किंवा न टिकणे याचा निकाल पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच लागतो. हा अनुभव केवळ माझाच नव्हे. ज्या ज्या योगशिक्षकांशी बोलणे झाले, त्या बहुतेकांनी हेच सांगितले.

हा प्रश्न केवळ शिक्षकाच्या चरितार्थाचा नाही

वर्ग रोडावला तर शिक्षकाचे उत्पन्न घटते, हे उघड आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण जागेचे भाडे त्यालाही भरावे लागते. परंतु डॉक्टरांनी या प्रश्नाकडे पाहावे ते निराळ्या कारणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतसुद्धा जुनाट विकारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितलेले उपचार नीट पाळतात, असे त्यात नमूद आहे. एक गोळी पाण्याबरोबर गिळण्याची ही कथा, तर पहाटे साडेपाचला उठून सतरंजी घेऊन घराबाहेर पडण्याची काय असेल?

इंग्लंडमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात योगवर्गाच्या गटातील रुग्णांना तीन महिन्यांत बारा वर्ग दिले होते. पहिल्या सहांपैकी निदान तीन आणि त्यानंतर आणखी तीन वर्गांना हजर राहिले, ते सुमारे ६० टक्के. अभ्यासासाठी निवडलेल्या, पाठपुरावा होत असलेल्या माणसांची ही गत आहे.

आपल्या देशातील अभ्यास तर याहून बोलका आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातील २४ रुग्णालयांत झालेला ‘योगा-केअर’ हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत तेरा सत्रे, असा त्याचा आराखडा होता. योगाच्या गटात पुढील गंभीर घटना लक्षणीयरीत्या कमी झाल्या, असे एकूण निष्कर्षात सिद्ध झाले नाही. स्वतःच्या प्रकृतीविषयीचे समाधान आणि पूर्वीच्या कामांकडे परतण्याचे प्रमाण मात्र सुधारले. आणि ज्यांनी दहा किंवा अधिक सत्रे पूर्ण केली, त्यांच्यात अशा घटना बऱ्याच कमी आढळल्या.

हा शेवटचा निष्कर्ष ऐकून आम्हा योगशिक्षकांना हर्ष होतो. पण येथे सावध राहिले पाहिजे. नियमित येणारा माणूस अनेकदा मुळातच अधिक काळजीपूर्वक जगणारा असतो. अमेरिकेतील ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या अभ्यासाचा १९८० सालचा निष्कर्ष डॉक्टरांना परिचित असेल. त्यात औषधी गुण नसलेली गोळी नेमाने घेणाऱ्यांतील पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते आणि तीच गोळी अनियमित घेणाऱ्यांत सुमारे २८ टक्के. गोळीत काहीच नव्हते. फरक होता तो माणसांत. तेव्हा ‘नियमित आलात तर झटका टळेल’ असे मी कोणाला सांगत नाही. ‘अनियमित आलात तर योगाचा उपयोग होतो की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही,’ एवढे मात्र निश्चित सांगते.

एक डॉक्टर आणि एक योगशिक्षक

वैद्यक आणि योग यांच्या सहकार्याचे एक उत्तम उदाहरण पुण्यात घडले. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी एका तरुणाची आसने पाहिली होती. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि १९३७ साली त्यांच्या पुढाकाराने त्या तरुणाला डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकविण्यास बोलावण्यात आले. तो तरुण म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. वय अवघे अठरा, मराठी भाषा परकी, बालपण हिवताप, विषमज्वर व क्षय यांनी पोखरलेले, आणि समोरचे विद्यार्थी वयाने व बळाने मोठे. व्याख्यानांत डॉ. गोखले शरीररचना समजावून सांगत आणि अय्यंगार आसने करून दाखवीत.

सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २०१४ साली निधन होईपर्यंत पुण्याचेच राहिले. प्रारंभीची काही वर्षे विलक्षण ओढगस्तीची होती. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची भेट, १९६६ सालचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ, १९७५ साली सुरू झालेली रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था हे सारे पुढचे. शिष्य त्यांच्याकडे का टिकले, याचे उत्तर त्यांच्या पद्धतीत सापडते. ज्याला वाकता येत नाही त्याच्या हाताखाली लाकडी ठोकळा, ज्याचा हात पायापर्यंत पोहोचत नाही त्याला पट्टा, ज्याला आधाराशिवाय झोपवत नाही त्याला लोड आणि खुर्ची. ‘तुम्हाला जमणार नाही’ हे वाक्यच त्या व्यवस्थेने बाद केले. साधक टिकविण्याची याहून मोठी युक्ती मला ठाऊक नाही.

आपल्या हैदराबादचाही या परंपरेशी संबंध आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर पुढे औंध संस्थानात गेले आणि वेदाभ्यासाबरोबर आसने व सूर्यनमस्कार यांच्या प्रसारासाठी त्यांनी लेखन केले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते रूढ केले. चित्रकलेपासून वेदांपर्यंत संचार करणाऱ्या सातवळेकरांनी १९६८ साली, वयाची शंभरी पूर्ण करून देह ठेवला. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ आसनांना देणे शास्त्राला धरून होणार नाही; परंतु नित्यनेमाचा धडा त्यांच्या चरित्रातून नक्कीच घेता येतो.

नऊ अंतराय : गळतीचे जुने निदान

साधक का थांबतो, याचे सर्वांत नेमके वर्गीकरण मला आधुनिक पुस्तकांपेक्षा पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादात सापडले. तेथे चित्ताला विचलित करणारे नऊ अंतराय सांगितले आहेत. विवेचन समाधीच्या संदर्भातले असले, तरी वर्गाच्या हजेरीलाही ते चपखल लागू पडते.

पहिला अंतराय व्याधी. ताप, खोकला, गुडघ्याची सूज यांमुळे माणूस आठ दिवस येत नाही आणि मग ती सवयच मोडते. खंड आजाराने पडतो, पण तो लांबतो संकोचामुळे. ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ?’ ही भावना अनेकांना परत येऊ देत नाही. म्हणून दुसऱ्या गैरहजेरीनंतर मी स्वतः फोन करते. फी किंवा खाडा यांचा विषय काढीत नाही. ‘प्रकृती कशी आहे? बसूनच करण्याजोगे काही करू या, या,’ एवढेच बोलते.

स्त्यान, प्रमाद आणि आलस्य हे तीन अंतराय एका कुळातले आहेत. स्त्यान म्हणजे मनाची जडता, प्रमाद म्हणजे बेफिकिरी आणि आलस्य म्हणजे देहाचा जडपणा. यांवर उपदेशाचा उपयोग होत नाही, व्यवस्थेचा होतो. सतरंजी रात्रीच अंथरून ठेवणे, शेजारणीबरोबर निघणे, वर्गाची वेळ वर्षभर न बदलणे, अशा लहान गोष्टी येथे काम करतात. दोघी-दोघी मिळून येणाऱ्या साधिका एकट्या येणाऱ्यांपेक्षा जास्त टिकतात, असा माझा अनुभव आहे.

संशय म्हणजे ‘याने खरेच काही होते का?’ हा प्रश्न. तो दडपू नये. कंबरदुखीच्या २२८ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात योगवर्ग आणि स्नायू ताणण्याच्या व्यायामाचा वर्ग हे दोन्ही, केवळ माहितीपुस्तिका देण्यापेक्षा सरस ठरले. पण एकमेकांच्या तुलनेत सारखेच ठरले. हे मी साधकांना सांगते. योग हाच एकमेव मार्ग, असे सांगून माणूस चार दिवस थांबतो. खरे सांगितल्याने तो विश्वासाने थांबतो.

अविरती म्हणजे विषयांची ओढ न सुटणे. आजच्या भाषेत रात्री बारापर्यंतचा मोबाइल आणि दूरदर्शन मालिका. माधापूर-गच्चीबावलीकडे रात्रपाळी करणाऱ्या तरुणांना मात्र मी या सदरात टाकीत नाही. त्यांची झोपच उलटी झालेली असते. त्यांना पहाटेचा आग्रह धरण्यापेक्षा सायंकाळची तुकडी द्यावी.

भ्रांतिदर्शन हा सर्वांत घातक अंतराय. म्हणजे जे नाही ते दिसणे. मधुमेह ‘मुळासकट’ जाईल, गोळ्या सुटतील, गुडघ्याची झीज भरून येईल, अशा अपेक्षा घेऊन आलेला साधक दोनपैकी एका रीतीने दुरावतो. एक तर अपेक्षा फसली म्हणून वर्ग सोडतो. किंवा थोडे बरे वाटताच रक्तदाबाची गोळी आपणहून बंद करतो. एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने मला सांगितले होते की महिनाभर त्यांनी गोळीला हात लावलेला नाही. मी त्यांना त्या दिवशी आसने करू दिली नाहीत, शेजारच्या डॉक्टरांकडे पाठविले. रक्तदाब चिंताजनक निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली आणि पंधरवड्याने वर्गही. ते गृहस्थ आजही येतात. ‘औषध बंद करण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांचा’ हे वाक्य तेव्हापासून वर्गाच्या भिंतीवर लावलेले आहे.

शेवटचे दोन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. पहिल्याचा अर्थ पायरी न गाठता येणे, दुसऱ्याचा गाठलेल्या पायरीवर न ठरणे. पन्नाशीची स्त्री शेजारच्या विशीतल्या मुलीचे पश्चिमोत्तानासन पाहते आणि खट्टू होते. तिला तिचीच जुनी नोंद दाखवावी लागते. मी प्रत्येकाची तीन मोजमापे पहिल्या दिवशी टिपून ठेवते : खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, आणि जमिनीवर बसून उठताना किती आधार लागतो. सहा आठवड्यांनी तीच मोजमापे पुन्हा घेते. आकडा किंचित जरी सरकला, तरी साधकाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कोणत्याही सवलतीने येत नाही.

वर्ग चालविताना पाळावयाच्या काही गोष्टी

पहिल्या तीन आठवड्यांत काहीही अवघड शिकवू नये. नवखा माणूस अंग दुखून घरी गेला की चौथ्या दिवशी येत नाही. ताडासन, मार्जारासन, भिंतीच्या आधाराने वृक्षासन, सावकाश श्वसन आणि शवासन एवढे भांडवल पुरेसे आहे. शवासन कधीही गाळू नये. पुष्कळ साधक केवळ त्या दहा मिनिटांसाठी येतात, आणि त्यात वावगे काही नाही.

फी घ्यावी की न घ्यावी, हा महाराष्ट्रात जुना वाद आहे. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने विनामूल्य योगप्रसाराची थोर परंपरा निर्माण केली. सर्वांनाच ते साधत नाही. मी मासिक फी घेते, पण वर्षाची आगाऊ घेत नाही. अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांविषयी २००६ साली एक अर्थशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. मासिक वर्गणीवाले महिन्याला सरासरी चारच वेळा जात, आणि एका खेपेला त्यांना सतराहून अधिक डॉलर पडत. दहा खेपांचा पास घेतला असता तर दहाच डॉलर पडले असते. आगाऊ पैसे घेतल्याने सभासद टिकतो, साधक नव्हे. न येणाऱ्यांच्या पैशावर चालणारा धंदा योगशिक्षकाला शोभत नाही.

हैदराबादच्या वर्गात मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा कानी पडतात. सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत एकदा तरी यावी, एवढे पथ्य मी पाळते. एका मुस्लिम भगिनीला ओंकार म्हणण्याविषयी संकोच होता. तिला दीर्घ उच्छ्वासाबरोबर मनात आकडे मोजण्यास सांगितले. श्वास लांबविण्याचा उद्देश तेवढ्यानेही साधतो. ती अकरा वर्षे येत आहे. रमजानमध्ये तिचे आसनांचे वेळापत्रक बदलते. जसे गणपती, दिवाळी, उगादी आणि बतुकम्माच्या दिवसांत इतरांचे बदलते. सणाआधीच ‘घरी करावयाचा दहा मिनिटांचा पाठ’ लिहून दिला, तर सुटीनंतर परतणारे वाढतात. उन्हाळ्यात गावी जाणाऱ्यांनाही हाच कागद द्यावा.

२०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि वर्ग पडद्यावर गेला. पडद्यावर शिकविताना दोष दिसत नाहीत. मान मुरडते, गुडघा आत पडतो आणि शिक्षकाला ते कळत नाही. म्हणून त्या काळात मी उलटी आसने पूर्ण वर्ज्य केली. पण एक लाभही पदरी पडला. औरंगाबादला मुलाकडे अडकलेल्या आजी आणि अमेरिकेत गेलेल्या लेकी पुन्हा वर्गात आल्या. आजही आठवड्यातून दोन दिवस तो वर्ग चालतो. सातत्य जागेशी नव्हे, माणसांशी बांधलेले असते, हे त्या वर्षाने शिकविले.

शहरात अलीकडे पिलाटेसचे वर्गही निघाले आहेत. त्यांना प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही. या पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस आणि लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे दोघे १८८३ सालीच जन्मले. एकाने न्यूयॉर्कमध्ये नर्तकांची दुखरी शरीरे सुधारली. दुसऱ्याने योगक्रिया प्रयोगशाळेच्या मेजावर आणल्या. नियंत्रित हालचाल आणि श्वास यांवर दोघांचाही भर होता.

डॉक्टरांकडून अपेक्षा

आता थोडे आपल्यासाठी. ‘योगा करा’ एवढेच चिठ्ठीवर लिहिलेला रुग्ण माझ्याकडे येतो तेव्हा माझ्या हाती फारसे काही नसते. तीन ओळी पुरेशा आहेत : निदान काय, चालू औषधे कोणती, आणि वर्ज्य काय. वर्ज्य काय, हे सर्वांत महत्त्वाचे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील संशोधकांनी २००६ साली ७५ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शीर्षासनात डोळ्यातील दाब जवळजवळ दुप्पट होतो, असे दिसले. काचबिंदूची गोष्ट रुग्ण आपणहून सांगत नाही, कारण डोळ्यांचा योगाशी संबंध त्याला जाणवत नाही. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांना पुढे वाकण्याची आसने धोक्याची ठरू शकतात. इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणारा रुग्ण पहाटे उपाशीपोटी वर्गास आला, तर साखर एकाएकी उतरण्याची भीती असते. माझ्या वर्गात खडीसाखरेचा डबा ठेवलेला असतो तो त्यासाठीच.

दुसरी विनंती अशी की पुढच्या तपासणीत रुग्णाला ‘वर्गाला जाता का?’ असे जरूर विचारावे. या एका प्रश्नाने माझ्या दहा फोनांचे काम होते. डॉक्टरांनी विचारलेली गोष्ट रुग्णाच्या लेखी खरी होते.

शेवटी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. प्रत्येक साधक टिकविलाच पाहिजे, असे नाही. पायात मुंग्या येऊन बळ कमी होत चालले असेल, छातीत दुखत असेल, किंवा मन इतके खचले असेल की शवासनात रडू आवरत नसेल, तर त्या माणसाला वर्गात धरून ठेवणे हा अपराध आहे. त्याला योग्य तज्ज्ञाकडे पाठवावे आणि बरा झाल्यावर येण्याचे दार उघडे ठेवावे. कोणी सहा महिन्यांत शिकून घरीच नेमाने करू लागला, तर तो गळाला असे समजू नये. तोच खरा उत्तीर्ण झाला.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घ काळ, अखंडता आणि आदर या तीन अटी घातल्या आहेत. काळ साधकाने द्यावयाचा, अखंडतेची व्यवस्था शिक्षकाने करावयाची. आदर मात्र तिघांचा, कारण त्यात डॉक्टरही आले. हे तिघे एकमेकांना ओळखू लागले, तर हजेरीच्या वहीतील रिकाम्या चौकटी पुष्कळ कमी होतील. आपल्या संघटनेच्या सर्व सभासदांना आणि त्यांच्या रुग्णांना निरामय दीर्घायुष्य लाभो, ही प्रार्थना.